सोलरच्या प्लेटवरचं कुंकू

उन्हाळ्यात एखाद्या छतावर सोलरच्या प्लेटा चमकताना दिसल्या की बाकीच्यांना आपलं वीजबिल आठवत असेल. मला एक निवृत्त शिक्षिका आठवतात आणि आजही माझी मलाच लाज वाटते. पोलीस खात्यात मी चौतीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाभावांच्या बांधावरच्या मारामाऱ्या तर मोजल्याही नाहीत. त्यातलं बरंचसं आता धूसर झालंय. हे प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. यात रक्ताचा थेंब सांडला नाही, कुणी साधी काठी उगारली नाही, आणि तरीही एका सरळ बाईला चोर ठरवायला लागणारे सगळे कागद अगदी शिक्क्यानिशी तयार होते. तिला चोर समजणाऱ्यांत मीही होतो.

माझी निवृत्ती वर्षावर आली होती. नगर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तिथे आजही चांगली माणसं काम करतात. त्या सुमारास छतावरच्या सोलरची सरकारी योजना जोरात होती. घरावर सोलर बसवा, खर्चाचा मोठा भाग सरकार अनुदान म्हणून थेट तुमच्या खात्यात टाकेल, असं तिचं साधं स्वरूप. योजनेला मी नावं ठेवत नाही. माझ्या स्वतःच्या घरावर सोलर आहे आणि बिल जवळजवळ शून्यावर आलंय. माझा राग आहे तो चांगल्या योजनेत हात घालणाऱ्यांवर, आणि त्यांचं पाप गरिबाच्या माथी मारायला कागद पुढे करणाऱ्यांवर.

सुरुवात एका टेम्पोवाल्यापासून झाली. त्याच्या गाडीचं आरसी बुक हरवलं होतं, म्हणून तो गहाळ झाल्याची नोंद करायला आला होता. ठाणे अंमलदार नोंद लिहीत होता, मी शेजारी चहा घेत उभा होतो. सही करता करता टेम्पोवाला म्हणाला, "सायेब, एक इचारू का? सोलरच्या प्लेटा भाड्यानं भेटत्यात का?"

"का रे?"

"न्हाई, एका ठेकेदाराचं काम करतोय. परवा सकाळी सोनईच्या अंगाला एका घरी सहा प्लेटा उतरवल्या. दुपारी त्याच भरल्या आन देवळालीकडं न्हेल्या. काल तिथून उचलून तिसरीकडं. लई दिवस झालं, मी त्याच सहा प्लेटा हिंडवतोय. आता तर माझ्या वळखीच्या झाल्यात."

ठाणे अंमलदार हसला. मला हसू आलं नाही. पोलिसाला खबर देणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी साधायला येतो. कुणाशी दुश्मनी असते, कुणाकडून काही हवं असतं. हा माणूस नुसता बुचकळ्यात पडला होता. अशी खबर सहसा खरी निघते.

दुसऱ्या दिवशी मी एका हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत निघालो. टेम्पोवाल्याने सांगितलेली पाच घरं पाहिली. एका छतावर कुरडया वाळत होत्या, एकावर गंजलेली टाकी होती, एकावर नुसती कबुतरं. सोलर कुठेच नाही. घरच्यांना विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: "टेस्टिंगला नेल्यात. पास झाल्या की पक्क्या बसवणार हायेत."

मग वीज कंपनीच्या कार्यालयातून कागद मागवले. कागद पाहून थक्क झालो. पाचही घरांवर सोलर 'कार्यान्वित' होतं. घरमालक प्लेटांशेजारी उभा असलेला फोटो, फोटोवर ठिकाण आणि वेळ, प्रत्येक प्लेटचा नंबर, तपासणीचा अहवाल, मीटर बदलल्याची नोंद, सगळं जिथल्या तिथे. एकूण बावीस घरं निघाली. बावीस घरांच्या प्लेटांचे सगळे नंबर वेगवेगळे. अनुदान बावीस जणांच्या खात्यात जमा झालेलं, आणि चार-पाच दिवसांत त्यांच्याच सहीच्या चेकने ठेकेदाराकडे वळलेलं.

ठेकेदाराचं ऑफिस नगर शहरात होतं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर हिरव्या झाडाचं चित्र. माणूस मोठा अदबशीर. त्याने आम्हाला बसवलं, थंड पाणी दिलं आणि फायली स्वतःहून पुढे केल्या.

"साहेब, आम्ही बसवून दिलं. फोटोत मालक स्वतः उभा आहे. नंबर तपासा, एक जरी सारखा निघाला तर मला बेड्या घाला. अनुदान त्यांच्या खात्यात आलं, चेकवर सही त्यांची. आता लोकांनी प्लेटा काढून विकल्या आणि म्हणतात टेस्टिंगला नेल्या, त्याला मी काय करू? तुम्हाला तर माहीत आहे लोक कसे असतात."

ते शेवटचं वाक्य त्याने बरोबर नेम धरून टाकलं होतं. पोलिसाला लोक कसे असतात हे माहीत असल्याची घमेंड असते. मलाही होती.

शिवाय वरूनही दट्ट्या आला. अनुदान ज्यांच्या खात्यात जमा झालं ते सगळे लाभार्थीही आरोपी करा, असं मला तोंडी सांगण्यात आलं. जुनं चारशेवीस म्हणजे नव्या न्याय संहितेतलं तीनशे अठरा. कलम तयारच होतं. ठेकेदार एक, लाभार्थी बावीस. एवढे आरोपी दाखवले की तपास मोठा दिसतो. यादीत पहिलं नाव या शिक्षिकेचं होतं. बाकीचे शेतकरी, मजूर, एक शिंपी. त्यांना समजलं नाही म्हणता आलं असतं. पण तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईने कोऱ्या चेकवर सही का करावी? मला वाटलं, हीच कच्ची कडी. हिला हलवली की सगळी साखळी सुटेल.

इथे मी पहिली चूक केली. बाईमाणसाकडे चौकशी करायची तर तिच्या घरी जावं, असं कायदा सांगतो. आरोपी म्हणून बोलवायचं तर रीतसर नोटीस द्यावी, असंही सांगतो. मी दोन्ही केलं नाही. हवालदाराकडून फोनवर निरोप दिला: अकरा वाजता ठाण्यात या.

त्या अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या. पासष्टीच्या आसपास वय, फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी. मी बैठकीत होतो, म्हणून त्यांना बाकावर बसवलं. एक वाजला. मधे त्यांनी दोनदा महिला शिपायाला विचारलं, "अजून किती वेळ? घरी मिस्टर एकटे आहेत." महिला शिपायाने मला सांगितलं आणि मी "बसू दे" म्हणालो. संशयिताला वाट पाहायला लावणं ही आमची जुनी रीत. मुद्दाम लावतो आम्ही. माणूस बसून बसून सैल होतो.

आत आल्यावर मी सरळ सुरुवात केली. "बाई, प्लेटा कुणाला विकल्या?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. कळल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. "विकल्या? साहेब, त्या माझ्या छतावर एक दुपारभर होत्या. त्यांनी फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत टेस्टिंगला म्हणून घेऊन गेले."

"मग चेकवर सही का केलीत?"

"अनुदान आलं की कंपनीला वळतं करायचं असतं, आधी सही दिली नाही तर अर्ज पुढे जात नाही, असं सांगितलं. सरकारी योजनेचं नाव होतं, गळ्यात ओळखपत्र होतं. मी विश्वास ठेवला."

"शिकलेल्या आहात तुम्ही."

"हो. म्हणूनच अर्ज नीट वाचला. अर्जात काहीच खोटं नव्हतं."

"पैसे वाटून घेतले का? खरं बोला."

त्या खुर्चीत ताठ बसल्या. "साहेब, मी चाळीस चाळीस मुलांच्या वर्गात खोटं कोण बोलतंय ते चेहऱ्यावरून ओळखलंय. तुम्हाला येत नसेल तर मी काय करू? मी वीज कंपनीत दोन अर्ज दिले. एक तुमच्या याच ठाण्यात दिला. कुणी पाहिला का?"

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात किती लोकांना ऐकवलं असेल, देव जाणे.

मग त्यांनी विचारलं, "माझ्या छतावर सगळं चालू आहे असं ज्या फोटोवरून तुम्ही म्हणता, तो मला दाखवाल का? मी तो कधी पाहिलाच नाही."

मी फाईल त्यांच्याकडे सरकवली. पिशवीतून चष्मा काढून त्यांनी फोटो उजेडात धरला. वही तपासावी तसा त्या तो कोपऱ्याकोपऱ्याने पाहत होत्या. बराच वेळ गेला. मला वाटलं, सबब शोधतायत. मग त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि फोटोतल्या स्वतःच्या कोपराशेजारच्या प्लेटवर बोट टेकवलं.

"हे कुंकू कुणी लावलं?"

मी वाकून पाहिलं. प्लेटच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर तांबडे-पिवळे ओघळ होते. हळदीकुंकवाची बोटं ओढलेली.

"साहेब, आम्ही ख्रिस्ती आहोत. घरात काही नवं आलं तर आम्ही प्रार्थना करतो. पाळकसाहेबांना बोलावतो. माझ्या घरात कुंकवाची डबीच नाही. आणि नवी कोरी प्लेट माझ्या छतावर येते ती कुंकू लावून येते? ही आधी कुणाच्या तरी घरी जाऊन आलेली आहे."

खोलीत हवालदार होता, महिला शिपाई होती. दोघंही फोटोवर वाकली. आठ दिवस तो फोटो माझ्या टेबलावर होता. मी नंबर तपासले, ठिकाण तपासलं, वेळ तपासली. प्लेटकडे मी पाहिलंच नव्हतं.

"मला आता जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "मिस्टर ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. लाईट गेली तर सिलेंडरवर घ्यावं लागतं. त्यांना एकट्याला ते जमत नाही."

मी गाडीने पोहोचवायची व्यवस्था केली. त्या नको म्हणाल्या. पोलिसांची गाडी दारात आली तर गल्लीला काय सांगू, असं विचारून त्या रिक्षाने गेल्या.

त्या गेल्यावर मी आवक रजिस्टर मागवलं. चार महिन्यांपूर्वीची नोंद सापडली. त्यांचा अर्ज, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं गोल स्वच्छ अक्षर. सोलरवाल्याने प्लेटा नेल्या, परत आणल्या नाहीत, चेक घेतला आहे, कृपया चौकशी व्हावी. त्याखाली आमच्याकडचा शेरा: 'दिवाणी स्वरूपाचे. अर्जदारास समज दिली.' समज दिली! चोरी झाली तिच्या छतावर आणि समज दिली तिलाच. तळपायाची आग मस्तकात गेली. शेरा लिहिणाऱ्यावर मी ओरडलो, आणि ओरडता ओरडताच दिसलं की शेऱ्याखाली सही माझी आहे. दिवसाला पन्नास कागद समोर येतात, न वाचता सही होते, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ठेकेदाराच्या तपासणी अहवालांवर सही करणाऱ्यानेही नेमकं हेच सांगितलं असतं.

त्या दुपारी बावीस फोटो मोठे करून टेबलावर मांडले. सगळीकडे ते कुंकू दिसेना, कुठे माणूस आड, कुठे प्लेटची बाजू पलटलेली. पण नऊ फोटोंत दिसलं. तीच चार बोटं. आणि त्यात एक गोष्ट महिला शिपायाच्या लक्षात आली. ती म्हणाली, "सर, मधलं बोट बघा. मधलं सगळ्यात लांब असतं. इथे तेच सगळ्यात आखूड उठलंय."

एका फोटोत तेच कुंकू ओलं, ठसठशीत होतं आणि पायाशी फुटका नारळ होता. ते घर सोनईच्या बाजूला, वस्तीवर. आम्ही गेलो. ओसरीत एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी नमस्कार केला. तिने पदर सावरून हात जोडले आणि मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मधलं बोट पेरापासून नव्हतं.

"आजी, बोटाला काय झालं?"

"कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलं बाबा. लई वर्सं झाली."

"सोलरच्या प्लेटांना कुंकू तुम्ही लावलं होतं?"

"व्हय तर! नवी वस्तू दारात आली, लावाय नगं? ट्रॅक्टर आनला तवा लावलं, मोटर बसली तवाबी लावलं. नारळ फोडला, साखर वाटली." मग तिचा आवाज बदलला. "दुसऱ्या दिशी उचलून न्हेल्या बघा. म्या म्हनलं, आरं पूजा केल्याली वस्तू हाय, घरातून न्हेऊ नका. त्यो म्हनला, आजी, टेस्टिंग हाय. कसलं टेस्टिंग आन कसलं काय. आल्याच न्हाईत. तुमाला घावल्या का?"

हळदीकुंकू मागवून आम्ही तिच्याकडून पत्र्यावर बोटं ओढून घेतली, दोन पंचांसमोर. नव्या कायद्याप्रमाणे सगळ्याचं मोबाईलवर चित्रीकरण केलं. म्हातारीला त्यात मोठी मौज वाटली. "आजून एकदा वडू का?" असं तिने दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या गोदामावर छापा घातला. आत पोत्याखाली सहा प्लेटा उभ्या होत्या. एकीच्या चौकटीच्या आतल्या कडेला कुंकू होतं, फिकट झालेलं, पण होतं. मागच्या बाजूला नंबरचं स्टिकर होतं. कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं स्टिकर, त्याखाली तिसरं. कांद्याची सालं काढावीत तशी आम्ही ती काढत गेलो. बावीस घरांचं सोलर म्हणजे एवढ्या सहा प्लेटा आणि एक छपाईचं यंत्र.

प्लेटा चढवणारा-उतरवणारा फिटर पंचेचाळिशीचा, कुटुंबवत्सल माणूस होता. पहिला तासभर त्याचं एकच चाललं होतं, "मला काय म्हाईत न्हाई, मालक सांगतील त्ये करायचं." मी आवाज चढवला नाही. बाईंच्या प्रकरणाने माझा आवाज तसाही बसला होता. नंबरांचा विषयही काढला नाही. फोटो त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "बाकी सगळं पुसलंस. काच पुसलीस, नंबर बदललेस. हे कसं राहिलं?"

त्याने फोटो पाहिला आणि मान खाली घातली. "मालकबी वरडले हुते सायेब. म्हनले, फडकं मार. पन त्ये कसं पुसायचं? म्हातारीनं तिच्या हातानं लावल्यालं. बाईमानसाचं कुंकू पुसायचं असतं का? माझीबी बायको हाय घरी."

"आणि नंबर बदलताना काही वाटलं नाही?"

"नंबर काय, स्टिकरच हुतं त्ये."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी अनेक कबुल्या ऐकल्या, पण असा संताप क्वचित आला. हा माणूस कुंकू पुसायला घाबरतो, का तर पाप लागेल. आणि त्याच हाताने बावीस घरांची वीज पळवतो, ऑक्सिजनच्या मशीनसाठी सोलर मागणाऱ्या बाईला चोर ठरवणारा कागद चिकटवतो, तेव्हा त्याचं बोट अडखळत नाही! त्याला मी हे बोललो. त्याला समजलं की नाही, कोण जाणे. पण तो बोलायला लागला आणि मग थांबला नाही. कोणत्या घरी कधी, चेक कोण घ्यायचं, वीज कंपनीचा तपासणी करणारा कंत्राटी माणूस घरी न जाता हॉटेलात बसून अहवालावर सही कशी करायचा, सगळं त्याने सांगितलं. संध्याकाळी पाचच्या आत ठेकेदार आमच्या ताब्यात होता. आता तो थंड पाणी मागत होता.

लाभार्थ्यांची नावं मी आरोपींच्या यादीतून काढली. वरून विचारणा झाली. मी लेखी उत्तर दिलं की हे बावीस जण फिर्यादी आहेत, आणि तोंडी सूचनेऐवजी लेखी आदेश द्यावा. लेखी आदेश आला नाही. तोंडी सूचना करणारे लेखी द्यायच्या वेळी कसे गायब होतात, हे पाहण्यासारखं असतं.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पोलिसांच्या दृष्टीने संपलंच. आरोपपत्र गेलं, वर्तमानपत्रात माझा फोटो आला. ठेकेदार महिनाभरात जामिनावर बाहेर आला. तपासणीवाल्याचं कंत्राट गेलं, बस्स. आणि बाई?

बाईंनी वीज कंपनीच्या कार्यालयात नव्याने अर्ज केला. उत्तर आलं: 'आपल्या वीजजोडणीवर यंत्रणा यापूर्वीच कार्यान्वित आहे. एका ग्राहकास लाभ एकदाच अनुज्ञेय.' मी पंचनाम्याची प्रत जोडून पत्र दिलं की छत मोकळं आहे, मी स्वतः त्यावर उभा राहून आलोय. उत्तर आलं: 'प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने निकालानंतर विचार करता येईल.' म्हणजे प्लेटा नाहीत हे पोलिसांना मान्य, न्यायालयासमोर मान्य, त्या प्लेटा आमच्या मुद्देमालाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभ्या, आणि कार्यालयाच्या संगणकात मात्र त्या बाईंच्या छतावर वीज तयार करतायत!

निवृत्तीच्या आधल्या आठवड्यात मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. एप्रिलचं ऊन होतं. आतल्या खोलीत त्यांचे यजमान पडलेले, मशीनचा एकसुरी आवाज, आणि त्यांच्यावर एक पंखा. बाहेरच्या खोलीतला पंखा बंद होता. मी घामाघूम झालो तेव्हा त्यांनी तो माझ्यासाठी लावला, आणि मी उठताच हात वर करून बंद केला. एवढ्याशा हालचालीतून मला त्या घराचा सगळा उन्हाळा कळला. मशीन चोवीस तास चालतं, म्हणून ही बाई स्वतः पंख्याशिवाय राहते.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी फार वाईट वागलो. माफ करा."

त्यांनी 'जाऊ द्या हो' म्हटलं नाही. मला ते आवडलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही खरं बोला म्हणालात ना, तेव्हा मी खरंच बोलत होते. मला एवढंच सांगायचं होतं."

पुढच्या पावसाळ्यात त्यांचे यजमान वारले. सोलर असतं तर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. त्यांचा आजार जुना होता. पण त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांची बायको त्यांच्याजवळ सुखाने बसली असती, एवढं नक्की. तेवढं या लोकांनी चोरलं, आणि त्याला संहितेत कलम नाही.

मला वाटलं, आता बाई अर्ज सोडून देतील. त्यांनी सोडला नाही. दर महिन्याला एक अर्ज, त्याच गोल अक्षरात, तालुक्यापासून मुंबईपर्यंत. मी एकदा विचारलं, आता मशीन नाही, बिलही कमी येतं, कशाला हा त्रास? त्या म्हणाल्या, "कागदावर माझ्या नावापुढे खोटं लिहिलंय साहेब. एक तर ते खोडा, नाही तर खरं करा."

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर सांगतो. आयुष्यभर मी कागद हा पुरावा मानला आणि माणसाचं बोलणं ही सबब मानली. शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ शकत नाही, हा माझा समज तर शुद्ध उद्धटपणा होता. आता नव्या पोलिसांना मी एकच सांगतो. समोरच्याला आपल्याजवळचा कागद दाखवा. त्याच्या घराबद्दल लिहिलेलं खोटं त्याला जेवढं पटकन दिसतं, तेवढं तुम्हाला दिसणार नाही.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. मंजुरी मिळाली होती. "या," एवढंच म्हणाल्या. मी गेलो तर छतावर नवे फिटर प्लेटा कसत होते. त्यातला एक मोबाईल घेऊन पुढे आला, "मॅडम, फोटोला उभ्या राहा."

"आधी चालू करा. मीटर फिरलेलं पाहते, मग उभी राहते," बाई म्हणाल्या. माणसं मीटर जोडायला खाली उतरली.

छतावर आणखी एक पाहुणी होती. सोनईकडची ती म्हातारी. साक्षीदार म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेतारखेला शेजारी बसून दोघींची ओळख वाढली होती. बाई खाली जाऊन मीटर फिरलेलं पाहून आल्या. बाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. म्हातारी तोवर पदराखाली काहीतरी धरून बाजूला उभी होती. प्रार्थना संपल्यावर बाईंनीच तिला पुढे बोलावलं.

"आणलंय ना? लावा आजी. आमच्यात नसतं, पण या कुंकवानंच मला त्या दिवशी सोडवलंय."

म्हातारीने चौकटीवर बोटं ओढली. तीन लांब, मधलं आखूड. मग हात पदराला पुसत तिने माझ्याकडे पाहिलं. मी निवृत्त झालोय हे तिच्या लेखी काहीच नव्हतं.

"सायेब, माझ्या छतावर प्लेटा कवा येत्याल?"

तिला अक्षर येत नाही. दर महिन्याला अर्ज लिहायला तिच्याकडे कुणी नाही. कार्यालयाच्या संगणकात तिच्या छतावर आजही सहा प्लेटा चालू आहेत.

बाईंनी पिशवीतून चष्मा आणि कोरा कागद काढला आणि तिथेच छताच्या कठड्यावर ठेवून विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा."